लुइझियानाचं जेवण: गंबो, जंबालाया आणि मंडळींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या लुइझियाना राज्यात, लफायेट गावात मी चार वर्षं राहिलो. परत आल्यापासून नातेवाईक, मित्र आणि त्यांचे मित्र तेच तेच प्रश्न पाठवतात. कुणाला गंबो (भातावर वाढायचा तिथला रस्सा) करून बघायचं असतं, कुणाची मुलगी न्यू ऑर्लिन्सला शिकायला निघालेली असते, कुणाचा रू (गंबोसाठी तेलात भाजायचा मैदा) नुकताच जळलेला असतो. सगळ्यांना वेगवेगळी उत्तरं टंकण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो. घाईत असाल तर निदान चौथा प्रश्न वाचा.

१. अमेरिकन जेवण म्हणजे बर्गर आणि पिझ्झाच ना? लुइझियानात वेगळं काय आहे?

भात. तिथे रोजच्या ताटात भात असतो आणि त्यावर काहीतरी पातळ किंवा दाटसर वाढलेलं असतं. आपला माणूस तिथे पहिल्याच आठवड्यात रुळतो तो यामुळेच.

बाकी इतिहासाची सरमिसळ आहे. न्यू ऑर्लिन्स फ्रेंचांनी १७१८ मध्ये वसवलं, पुढे काही दशकं ते स्पेनकडे होतं आणि १८०३ मध्ये अमेरिकेने हा सगळा मुलूख फ्रान्सकडून विकत घेतला. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांबरोबर भेंडी आली आणि भातशेतीचं ज्ञानही आलं. तिथल्या मूळच्या चोक्टॉ लोकांकडून एका झाडाच्या पानांची पूड आली (प्रश्न ६). सॉसेजमध्ये जर्मन हात आहे, न्यू ऑर्लिन्सच्या मफलेटा सँडविचमध्ये सिसिलीचा. आणि समोर मेक्सिकोचं आखात असल्यामुळे कोळंबी, खेकडे आणि कालवं मुबलक.

२. केजन आणि क्रिओल एकच का?

नाही, पण सीमारेषा पुसट आहे.

केजन म्हणजे अकेडियन लोकांचे वंशज. हे फ्रेंच बोलणारे शेतकरी आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया भागात राहत. १७५५ पासून ब्रिटिशांनी त्यांना तिथून हुसकावलं. वर्षानुवर्षं भटकून त्यातले बरेच लुइझियानाच्या दलदलींच्या आणि गवताळ भागात स्थिरावले. ‘अकाद्याँ’चं ‘काद्याँ’ झालं आणि त्याचं ‘केजन’. त्यांचं जेवण गावाकडचं: एकच भांडं, डुकराची चरबी, शिकार, भात.

क्रिओल हा शब्द मुळात वसाहतीत जन्मलेल्यांसाठी होता, मग ते गोरे असोत की काळे. क्रिओल जेवण न्यू ऑर्लिन्स शहराचं समजलं जातं, त्यात लोणी आणि टोमॅटो जास्त. पण या ‘शहरी, खानदानी’ जेवणामागचे हात बहुतेक काळ्या स्वयंपाकिणींचे होते आणि त्यातल्या अनेक जणी गुलामगिरीत होत्या. ते सोडून नुसतं ‘फ्रेंच प्रभाव’ म्हणणं मला पटत नाही. शिवाय लफायेटच्या आसपास खेड्यांत राहणारी काळी क्रिओल कुटुंबंही आहेत, त्यांचं जेवण कुठल्या खणात टाकणार?

३. केजन म्हणजे खूप तिखट, बरोबर? आणि ते ‘केजन पोटॅटो’ तिकडे कसे लागतात?

दोन्हींचं उत्तर नाही.

आपल्याकडच्या हॉटेलांत छोटे बटाटे तळून, चेपून, वर मेयोनीज आणि लाल भुकटी घालून जे देतात, ते मला लुइझियानात कुठेही दिसलं नाही. मी एकदा शेजारच्या काकूंना त्याचा फोटो दाखवला होता. त्यांनी चष्मा वर करून बघितला आणि विचारलं, “हे कुणी केलं?”

तिखटाचा समज पसरला तो पॉल प्रुडोम या शेफमुळे. हा ओपलूसस भागातला केजन माणूस. १९७९ मध्ये त्याने न्यू ऑर्लिन्समध्ये स्वतःचं रेस्टॉरंट काढलं. लोण्यात बुडवून, मसाला चोपडून, धूर निघेपर्यंत तापलेल्या बिडाच्या तव्यावर भाजलेला त्याचा ‘ब्लॅकन्ड रेडफिश’ इतका गाजला की ऐंशीच्या दशकात रेडफिशच्या मासेमारीवर निर्बंध घालायची वेळ आली. जगभर ‘केजन’ म्हणजे काळपट, मसालेदार असं झालं ते तेव्हापासून. तो पदार्थ पारंपरिक नव्हता, त्याच्या डोक्यातून निघालेला होता.

घरचं जेवण कोल्हापूरच्या माणसाला मिळमिळीत वाटेल. तिखट हवं त्याने टेबलावरची बाटली उचलायची. ती बाटली बहुधा टबॅस्कोची असते, कारण १८६८ पासून तो सॉस तिथल्याच एव्हरी आयलंडवर बनतो: मिरचीचा ठेचा, मीठ आणि व्हिनेगर. या जेवणाची खरी चव तिखटात नाही, खमंगपणात आहे. तो कुठून येतो ते पुढच्या प्रश्नात.

४. रू म्हणजे काय? प्रत्येक कृतीची सुरुवात तिथूनच का होते?

बेसनाचे लाडू केले आहेत? मग तुम्हाला अर्धं गंबो येतंच.

रू म्हणजे तेलात भाजलेला मैदा. वाटीभर तेलाला वाटीभर मैदा. तेल शेंगदाण्याचं किंवा रिफाइंड, मोहरीचं नको. जाड बुडाच्या भांड्यात, शक्यतो बिडाच्या, मंद ते मध्यम आचेवर ढवळत राहायचं. फ्रेंच लोक पांढऱ्या सॉससाठी दोन-तीन मिनिटांत थांबतात. केजन थांबत नाहीत. आधी खिरीसारखा रंग, मग शेंगदाण्याच्या कुटासारखा, मग घासलेल्या तांब्याचा, शेवटी गडद चॉकलेटचा. चाळीस मिनिटं सहज लागतात. मध्ये फोन आला तर घ्यायचा नाही.

खूण रंगाची आहे, पण त्याहून जास्त वासाची. बेसनाचा कच्चा वास जाऊन घरभर खमंग वास सुटतो तो क्षण आठवा. इथे तसाच एक क्षण येतो, भाजलेल्या शेंगदाण्याच्या वासाचा. नवखा माणूस तिथेच समाधान मानतो. शेजारच्या काकू म्हणायच्या, अजून. पुढे वास कॉफीकडे झुकतो आणि पीठ सैल पडून चमच्यावरून ओघळायला लागतं. चमचा फिरण्याचा आवाजही बदलतो: आधी खरखर, मग रेशमासारखं काहीच नाही. काकू दुसऱ्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालताना तो आवाज ऐकायच्या आणि ओरडायच्या, “आता कांदा!”

कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची आधीच चिरून हाताशी ठेवायची, कारण त्या पडल्या की भाजणं थांबतं. या तिघींना तिथे ‘होली ट्रिनिटी’ म्हणतात. कांदा दोन भाग, बाकी दोघी एकेक भाग. भाज्या मऊ झाल्या की लसूण, मग चिकनचा किंवा कोळंबीच्या सालींचा स्टॉक (ते उकळून गाळलेलं पाणी) थोडा थोडा घालत जायचा.

एक बाब नीट समजून घ्या. रू जितका गडद, तितका तो दाटपणा कमी देतो, कारण भाजताना पिठातला स्टार्च तुटतो. गडद रूचं गंबो आमटीइतकं पातळ झालं तर तुमचं काही चुकलेलं नाही.

आणि सावधपणे करा. रू तेलापेक्षा वाईट भाजतो, कातडीला चिकटून बसतो. लहान मुलं ओट्याजवळ नकोत.

५. रूमध्ये काळे ठिपके दिसतायत. वाचवता येईल?

नाही. टाकून द्या.

गाळून घेऊ, थोडी साखर घालू, असले उपाय मी सगळे केले आहेत. पहिल्यांदा रू जळला तेव्हा बारा जण जेवायला येणार होते, म्हणून तो तसाच वापरला. सगळ्यांनी भात आणि सॅलड मन लावून खाल्लं. कडवटपणा गंबोच्या शेवटच्या थेंबापर्यंत जातो. वाटीभर मैदा आणि तेल गेलं म्हणून दोन किलो चिकन घालवू नका.

६. गंबोत भेंडी हवीच का? चिकट नाही होत?

चिकट व्हावं म्हणूनच घालतात. आपण भेंडी धुऊन, पुसून, कोरडी करून परततो, वर आमसूल घालतो, सगळा खटाटोप तार मोडण्यासाठी. गंबोत ती तारच रस्सा दाट करते. ‘गंबो’ हे नावच आफ्रिकेतल्या बंटू भाषांमधल्या भेंडीच्या नावावरून आल्याचं मानलं जातं. तरी बरेच जण चिरलेली भेंडी आधी तेलात परतून घेतात, म्हणजे तार राहते पण बुळबुळीत लागत नाही. मीही तेच करतो.

भेंडी नसेल तर फिले. ही सॅसफ्रास झाडाच्या वाळवलेल्या पानांची पूड, चोक्टॉ लोकांची देणगी. भेंडीचा हंगाम उन्हाळ्यात, म्हणून हिवाळ्यात फिले अशी जुनी वाटणी. दोन्ही एकत्र घालू नये असं जुनेजाणते सांगतात, नाहीतर गंबो खळीसारखं होतं. फिले गॅस बंद केल्यावर घालायचं किंवा थेट ताटलीत भुरभुरायचं. उकळलं की त्याला दोऱ्यासारखी तार येते आणि ती काही सुंदर दिसत नाही.

७. फिले भारतात मिळत नाही. पर्याय काय? आणि सॅसफ्रासवर अमेरिकेत बंदी आहे असं ऐकलं, ते खरं का?

पर्याय भेंडी. दुसरा शोधू नका. कुणी मेथी सुचवतं, कुणी मेथीपूड, पण तो वास वेगळाच आहे.

बंदी अर्धी खरी आहे. सॅसफ्रासच्या मुळांच्या सालीतल्या सॅफ्रोल या द्रव्यावर अमेरिकेने १९६० मध्ये खाद्यपदार्थांत बंदी घातली. कोवळ्या पानांत ते नगण्य असतं, त्यामुळे फिले तिथल्या वाण्याकडे राजरोस मिळतं.

८. गंबोत टोमॅटो घालावा का?

लफायेटमध्ये हा प्रश्न मोठ्याने विचारू नका. न्यू ऑर्लिन्सच्या क्रिओल घरांत, विशेषतः कोळंबीच्या गंबोत, घालतात. केजन घरांत नाही. उलट तिकडे गंबोच्या ताटलीत भाताबरोबर, कधी भाताऐवजी, बटाट्याच्या सॅलडचा गोळा ठेवतात. मी नाक मुरडलं होतं. आता घरी करतो तेव्हा बटाटा असतोच.

९. मी शाकाहारी आहे. तिकडे काय खाऊ?

खरं सांगायचं तर हॉटेलात कठीण आहे. हिरव्या बीन्समध्येही बेकन असतं. मक्याचा ‘माक शू’ दिसायला निर्धोक, पण बऱ्याचदा बेकनच्या चरबीत परतलेला. राजम्यात डुकराचं मांस गृहीतच धरा (प्रश्न १०). विचारताना ‘व्हेजिटेरियन आहे का’ एवढ्यावर थांबू नका. स्टॉक कशाचा, तेल की चरबी, हॅम आहे का, असं एकेक विचारा. पोर्क किंवा बीफ टाळणाऱ्यांनीही हेच करावं. आंदूई हा धुरावलेला सॉसेज डुकराचा असतो. बूदाँ म्हणजे डुकराचं मांस आणि भात भरलेला सॉसेज, तो पेट्रोल पंपावरसुद्धा गरमागरम मिळतो आणि लोक गाडीत बसून खातात.

‘गंबो झर्ब’, म्हणजे पालेभाज्यांचं गंबो, हे नाव ऐकून फसू नका. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी ते करतात. भाज्या विषम संख्येत घ्यायच्या, सात किंवा नऊ, आणि जितक्या भाज्या तितके नवे मित्र मिळतात असं म्हणतात. लिआ चेस (१९२३–२०१९) या न्यू ऑर्लिन्सच्या विख्यात क्रिओल स्वयंपाकिणीचं गंबो झर्ब प्रसिद्ध होतं, पण त्यात भाज्यांबरोबर मांसही भरपूर असे.

घरी मात्र हेच तुमच्यासाठी सर्वांत सोपं. पालक, चाकवत, मुळ्याचा पाला, कोबी, कांद्याची पात, जे मिळेल ते घ्या, रू गडद करा, भाज्यांचा स्टॉक घाला. रू नीट भाजला असेल तर मांसाची आठवण येत नाही.

१०. रेड बीन्स अँड राइस म्हणजे आपला राजमा-चावलच ना?

लांबून बघितलं तर हो. जवळून बघितलं तर त्यात टोमॅटो, आलं, धणे-जिरे काहीच नाही. कांदा-सेलरी-ढोबळी मिरची, तमालपत्र, थाइम आणि हॅमचं हाडूक. न्यू ऑर्लिन्समध्ये हा सोमवारचा पदार्थ. सोमवार कपडे धुण्याचा दिवस, म्हणून रविवारच्या जेवणातलं उरलेलं हाडूक टाकून राजमा चुलीवर ठेवायचा आणि दिवसभर विसरायचा. कपडे धुवायला यंत्र आलं तरी सोमवार टिकला. न्यू ऑर्लिन्सचा जाझ वादक लुई आर्मस्ट्राँग आपल्या पत्रांखाली सही करताना ‘रेड बीन्स अँड राइसली युअर्स’ असं लिहीत असे.

शिजलेल्या राजम्यातला थोडा डावाच्या पाठीने भांड्याच्या कडेला चेपायचा, म्हणजे रस्सा लोण्यासारखा होतो. स्लो कुकर वापरणाऱ्यांसाठी इशारा: कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं विषारी द्रव्य असतं आणि मंद आचेवर ते नष्ट होत नाही. भिजवलेलं पाणी फेकून राजमा आधी किमान दहा मिनिटं खळखळून उकळा. प्रेशर कुकर असेल तर ही काळजी नाही.

११. सेलरी, थाइम, कायेन मिरची गावात मिळत नाही. काय वापरू?

सेलरी हल्ली शहरांतल्या मोठ्या भाजीवाल्यांकडे मिळते. नसेल तर कोथिंबिरीच्या जाड देठांनी थोडं भागतं, पण पूर्ण नाही. थाइमऐवजी चिमूटभर ओवा, खरोखर चिमूटभरच. कायेनऐवजी लवंगी मिरचीचं तिखट अगदी कमी. काश्मिरी किंवा बेडगी घातलं तर रंग लाल होईल आणि रूचा तपकिरी रंग मारला जाईल. तमालपत्र त्यांचं वेगळं आहे: ते लॉरेलचं पान, आपलं दालचिनीच्या कुळातलं. चालतं, पण एकच घाला. हळद, गरम मसाला आणि वरून फोडणी ही तिन्ही कपाटात राहू द्या.

भात कोलमचा. आंबेमोहोराचा वास गंबोशी भांडतो.

१२. क्रॉफिश म्हणजे काय? त्याऐवजी कोळंबी चालेल?

गोड्या पाण्यातला, बोटाएवढा, नांग्या असलेला प्राणी, म्हणजे शेवंडाचा धाकटा भाऊ समजा. लुइझियानात भाताच्या खाचरांतच त्याची शेती होते. भात कापला की शेतात पुन्हा पाणी सोडतात आणि हिवाळा-वसंतात पिंजरे लावून क्रॉफिश काढतात. वसंतात घराघरांत ‘बॉइल’ असतात: मोठ्या पातेल्यात मसाल्याचं पाणी, त्यात जिवंत क्रॉफिश, मका, बटाटे. आच बंद केल्यावर ते त्याच पाण्यात मुरू द्यायचे, मसाला आत जातो तो तेव्हाच. मग टेबलावर वर्तमानपत्रं पसरून ढीग ओतायचा. शेपूट पिळून काढायची आणि डोकं चोखायचं. चिंबोऱ्या खाऊन वाढलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही.

एटूफे या पदार्थासाठी कोळंबी उत्तम चालते. फिकट रू, ट्रिनिटी, लोणी, थोडा स्टॉक, शेवटी पाच मिनिटं कोळंबी. गंबोपेक्षा दाट आणि लवकर होणारं.

योगायोग असा की अमेरिकेत आयात होणाऱ्या कोळंबीत भारताचा वाटा खूप मोठा आहे आणि त्यामुळे भाव पडतात म्हणून लुइझियानाचे कोळी वैतागलेले असतात. तिथल्या रेस्टॉरंटांना परदेशी कोळंबी असेल तर तसं सांगावं लागतं. मी भारतीय आहे म्हटल्यावर एका मासेवाल्याने हसत विचारलं होतं, “मग ही तुमचीच का?”

१३. पो-बॉय हे नाव कुठून आलं?

१९२९ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या ट्राम कामगारांनी संप केला. बेनी आणि क्लोव्हिस मार्टिन हे भाऊ पूर्वी ट्रामवरच कामाला होते, आता त्यांचं खानावळवजा दुकान होतं. त्यांनी संपकऱ्यांना फुकट सँडविच द्यायचं ठरवलं. कुणी आलं की आतून हाक यायची, आणखी एक ‘पुअर बॉय’ आला. नाव चिकटलं, अशी प्रचलित कथा आहे.

आत तळलेली कोळंबी, कालवं किंवा रोस्ट बीफ. ‘ड्रेस्ड’ म्हणालात तर लेट्यूस, टोमॅटो, लोणचं, मेयोनीज. पाव बाहेरून कुरकुरीत, आतून हलका. वडापावचा पाव घेऊ नका, लगदा होतो. इराण्याकडचा ब्रून बराच जवळ जातो.

१४. गोड काय?

बेन्ये: यीस्टच्या पिठाचे चौकोन तळून, वर पिठीसाखरेचा ढीग. खाताना श्वास बाहेर सोडू नका, काळे कपडे घालू नका. सोबत चिकोरी घातलेली दुधाळ कॉफी. मद्रासी फिल्टर कॉफीची पूड घरात असेल तर तीच चिकोरी तुमच्याकडे आहेच.

प्रालीन म्हणजे साखर, साय आणि पीकॅनच्या वड्या, आपल्या नारळाच्या वडीसारख्या साखर धरणाऱ्या. पीकॅनऐवजी अक्रोड घ्या. किंग केक सहा जानेवारीपासून मार्डी ग्रापर्यंत (ईस्टरआधीचे उपास सुरू होण्याच्या आदल्या दिवशीचा सण) मिळतो. आत प्लॅस्टिकचं बाळ असतं. ज्याच्या तुकड्यात निघेल त्याने पुढचा केक आणायचा.

१५. मैद्याऐवजी बेसन घेतलं तर? घरात ग्लूटेन चालत नाही.

चौथ्या प्रश्नानंतर हे हमखास विचारलं जातं, चूक माझीच आहे. बेसन भाजून स्टॉक घातला की पिठलं होतं. चांगलं लागतं, मी केलंय. पण त्याला पिठलंच म्हणा. ग्लूटेन नको असेल तर तांदळाच्या पिठाचा रू करा किंवा रू वगळून भेंडीवर गंबो दाट करा. तेल कमी हवं असणाऱ्यांसाठी: मैदा नुसता कढईत भाजणीसारखा कोरडा भाजा. तो स्टॉकमध्ये कालवून घालता येतो.

१६. आदल्या दिवशी करून ठेवलं तर चालेल?

चालेल नाही, तसंच करा. दुसऱ्या दिवशी गंबो मुरतं आणि वर आलेलं तेल काढून टाकता येतं. भात वेगळा ठेवा. फिले घालायचं असेल तर वाढताना ताटलीत, म्हणजे पुन्हा गरम करताना तार धरणार नाही. कोळंबी घालायची असेल तर तीही दुसऱ्या दिवशीच, शेवटच्या पाच मिनिटांत.

१७. पंचवीस माणसं आहेत. गंबो करू की जंबालाया?

जंबालाया. गंबो भातावर वाढतात, जंबालायात तांदूळ त्याच भांड्यात शिजतो. मसालेभाताला जे पातेलं काढाल तेच काढा. गोन्झालेस गावात तर लाकडाच्या जाळावर, वल्ह्याएवढ्या लाकडी उलथन्याने जंबालायाच्या स्पर्धा होतात.

टोमॅटो घातला तर तो लाल, क्रिओल पद्धतीचा. केजन जंबालाया तपकिरी आणि त्याचा रंग रूचा नसतो. चिकन आणि सॉसेज बुडाला चांगलं लागू द्यायचं, उलथन्याने खरवडायचं, पाण्याचा हबका मारायचा, पुन्हा लागू द्यायचं. तीन-चार वेळा. मग कांदा आणि मंडळी, मग पाणी, मीठ, तांदूळ. पाणी नेहमीपेक्षा थोडं कमी, कारण कांद्याला पाणी सुटतं. उकळी आली की आच मंद, झाकण. दहा-बारा मिनिटांनी एकदाच खालून वर पालटायचं. त्यानंतर कितीही हात शिवशिवला तरी ढवळायचं नाही, शितं मोडून खिचडी होते.

पाहुण्यांत शाकाहारी असतील तर छोट्या पातेल्यात मशरूम घालून आधी त्यांचा करून घ्या, उलथनं वेगळं.